लोदच्या घरातलं जातं

पहिल्याच दिवशी आजी मला म्हणाल्या, "दार पुरतं लावू नको गो. मागून त्या येतायत."

मी वळून पाहिलं. ऑगस्टची दुपार होती आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेमधली ती गल्ली ओस पडलेली. ड्राइव्हवेवर एक गाडी, समोरच्या लॉनवर आपल्याआपणच फिरणारा स्प्रिंकलर. माणूस कुणी नाही. तरी मी दार थोडं उघडं ठेवलं. आजींच्या आवाजात भीती नव्हती. पाहुण्यांची वाट बघणाऱ्या बाईचा असतो तसा आवाज होता.

त्यांच्या मुलीची नि माझी ओळख आदल्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीत झाली होती. मी भाजीपाशी उभी राहून चिपळूणला आईशी फोनवर बोलत होते. साठीची एक बाई आपली ट्रॉली तशीच सोडून माझ्याजवळ आली. केस बारीक कापलेले, रंग सावळा, चेहरा कोकणातल्या कुठल्याही बाईचा असावा तसा, पण इंग्रजीला वळण भलतंच. "तू आत्ता मराठी बोलत होतीस?" तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले.

त्या बेने इस्राएल. शेकडो वर्षं कोकणात राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे नि शनिवारी ते बंद ठेवणारे ज्यू म्हणून मी त्यांच्याबद्दल ऐकून होते, भेटले कधीच नव्हते. मी त्यांना काकू म्हणू लागले. त्यांची आई, म्हणजे आजी, अलिबागजवळच्या एका गावात जन्मली, दहा-अकरा वर्षांची असताना आईबापांबरोबर इस्राएलला गेली आणि म्हातारपणी विधवा झाल्यावर मुलीकडे न्यू जर्सीत आली. आता त्यांना विस्मरणाचा आजार झाला होता. आधी इंग्रजी गेली. मग सत्तर वर्षं बोललेली हिब्रू गेली. उरलं ते लहानपणी बोललेलं मराठी. काकूंना मराठी यायचं ते एवढंच: पाणी, जेव, चल, गप्प बस.

"माझी आई माझ्याच घरात दिवसभर बोलत असते," काकू म्हणाल्या, "आणि मला एक शब्द कळत नाही. तू येशील का? नुसती बसायला?"

मी पॉलिमरवर पीएचडी करत होते आणि लॅबच्या बाहेर मला कुणी नव्हतं. रविवारी दुपारी मी जायला लागले.

आजींचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. त्यात टीव्ही नव्हता, फ्रिज नव्हता, एकही इंग्रजी शब्द नव्हता. दहा वर्षांच्या मुलीची भाषा, ऐंशी पार केलेल्या घशातून येणारी. जेवताना त्या पोळीचा एक तुकडा मोडायच्या, त्यावर चिमूटभर मीठ ठेवायच्या आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून द्यायच्या. काकूंना वाटायचं, आजारपणाचं काहीतरी असेल. त्या नंतर गुपचूप तो तुकडा उचलून टाकायच्या.

एकदा मी विचारलं, "आजी, हे कुणाला?"

"ज्यांचं घर आहे त्यांना."

"हे घर तुमच्या मुलीचं आहे."

त्या माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत राहिल्या. "हे नव्हे गो. लोदचं."

मग पुढच्या दोन-तीन महिन्यांत, कधी सलग, कधी मधूनच, त्यांनी मला लोदचं घर सांगितलं. मी ते ऐकून काकूंना इंग्रजीत सांगायचे. काकू त्या घरात जन्मल्या होत्या, पण त्यांना यातलं बहुतेक काहीच माहीत नव्हतं.

इस्राएलला पोचल्यावर आजींच्या कुटुंबाला आधी तंबूत ठेवलं होतं. पावसाळ्यात, म्हणजे तिकडे थंडीतच पाऊस, तंबू वाहून गेला तेव्हा त्यांना लोद नावाच्या गावात एक खोली मिळाली. दगडी घर, कमानीच्या खिडक्या, अंगणात लिंबाचं झाड. प्रत्येक खोलीत एकेक कुटुंब. शेजारी बल्गेरियाचे, पलीकडे मोरोक्कोचे. सगळे नवे. जुनं कुणीच नाही. घर बांधणारे अरब लोक अठ्ठेचाळीसच्या युद्धात गावातून हाकलले गेले होते, भर उन्हाळ्यात, पायी. पण हे त्या वेळी त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त दिसत होतं की कोनाड्यात मसुरीची अर्धी बरणी आहे, दाराआड लहान मुलाची एकच चप्पल आहे, आणि कोपऱ्यात जातं आहे.

"आपल्यासारखंच जातं," आजी म्हणाल्या. "दोन दगड, वर लाकडाचा खुंटा. आई बघून खालीच बसली."

त्यांच्या आईनं त्या जात्याला हात लावला नाही. लिंबंही तोडली नाहीत. पहिल्या संध्याकाळी बाबा बाहेर गेल्यावर तिनं कोनाड्यात भाकरीचा तुकडा नि मीठ ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि जागेवाल्याला गाऱ्हाणं घालतात तसं हात जोडून म्हणाली, "आम्ही मागून घेतलं नाही. आम्हांला आणून टाकलंय. पोरंबाळं आहेत, सांभाळून घ्या. तुम्ही आलात की आम्ही उठू." बाबांना कळलं तेव्हा ते चिडले. आपण इस्राएल लोक, आपल्यात असलं नाही, म्हणाले. आई त्यानंतर ते चोरून करू लागली.

कोकणात नव्या जागेत राहायला जाताना तिथल्या राखणदाराची परवानगी मागतात, हे मला घरून माहीत होतं. आमच्या चिपळूणच्या फ्लॅटसाठीही बाबांनी नारळ ठेवला होता. पण तिथं राखणदार म्हणजे कुणी न दिसणारा, फार जुना. लोदच्या घराचे राखणदार जिवंत होते. सीमेपलीकडे, फार लांब नाही, कुठल्यातरी छावणीत बसून तेही त्या वेळी ह्याच घराबद्दल बोलत असतील, हा विचार माझ्या मनातून जाईना.

"आणि मग ते वाजायला लागलं," आजी म्हणाल्या.

"काय?"

"जातं. उजाडता उजाडता. घर्रर्र, घर्रर्र. मी उठून बघे, तर दगड जागच्या जागी. आईला सांगितलं. आई म्हणाली, ऐकू येतंय तर येऊ दे. त्यांचं आहे."

हे काकूंना इंग्रजीत सांगताना मी "कदाचित शेजारचा आवाज असेल" असं आपल्या पदरचं जोडलं. काकूंनी मान हलवली. दोघींनाही ते पटलं नव्हतं.

सप्टेंबरात आजी बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. आजींना इंग्रजी कळत नसल्यानं त्या वेळी मीही असावं असं ठरलं. ही पस्तिशीची, उंच, हसरी बाई होती, जन्मापासून न्यू जर्सीची. पहिल्या दिवशी काकूंनी सहज, इकडे सगळेच विचारतात तसं विचारलं, "तुझे आईवडील मूळचे कुठले?"

"आम्ही पॅलेस्टिनी," ती म्हणाली.

"मी इस्राएलची," काकू म्हणाल्या.

मग काकूंनी तिला कॉफी विचारली आणि ती हो म्हणाली. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्यामध्ये बसून "आजी, टाच टेका," "आजी, गुडघा वाकवा" एवढंच भाषांतर करत राहिले. आजी तिच्यापुढे अगदी गप्प असायच्या. तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या, आणि ती गेली की विचारायच्या, "एकटीच आली होती?"

ऑक्टोबरात तिकडे इस्राएलवर हल्ला झाला आणि युद्ध पेटलं. काकूंचा भाचा सैन्यात बोलावला गेला. त्यांच्या भावाच्या ओळखीतलं एक जोडपं पहिल्याच दिवशी घरात मारलं गेलं होतं. थेरपिस्टची मावशी गाझात होती. दोघींचे फोन एकाच टेबलावर उपडे ठेवलेले असायचे, आणि कुठलाही वाजला की दोघीही दचकायच्या. थेरपी मात्र कॅन्सल झाली नाही. आजी वॉकर धरून हॉलमधून किचनपर्यंत चालायला लागल्या होत्या.

त्याच दिवसांत एका रविवारी आजींनी मला लोदच्या घरी आलेल्या एका बाईबद्दल सांगितलं.

सदुसष्टच्या युद्धानंतर हद्द उघडली होती आणि पलीकडचे लोक आपली जुनी घरं बघायला येत होते. आजी तेव्हा तरुण, कडेवर तीन वर्षांच्या काकू. भर दुपारी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. लांब काळा झगा, छातीवर लाल भरतकाम. हाक मारली नाही, आतही आली नाही. नुसती झाडाकडे बघत उभी. आजींना वाटलं, आई जिला तुकडा ठेवते तीच ही, आणि त्या काकूंना घेऊन मागे सरल्या. त्यांच्या आईनं मात्र पाहिलं, पुढं होऊन तिचा हात धरला आणि तिला आत आणलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. आईनं चहा केला, तो तिनं घेतला नाही. ती सरळ कोपऱ्यात गेली, जात्यापुढे बसली, खुंटा धरला आणि जातं एकदा फिरवलं.

"तोच आवाज गो," आजी म्हणाल्या. "मी लहानपणी ऐकलेला. तोच."

मग ती बाई उठली, आईच्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलली आणि निघून गेली. परत कधी आली नाही. आईनं ठरवून टाकलं की तो शाप होता. पुढच्या युद्धात आजींचा धाकटा भाऊ गेला. नंतर एक भाची जन्मतः आंधळी निघाली. प्रत्येक वेळी आई म्हणायची, ती बोलून गेली ना. घर पुढे पाडलं, सगळे फ्लॅटमध्ये गेले, तरी आई मरेपर्यंत ते शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली, म्हणून म्हणून शाप उतरतो का बघायला. त्यामुळे ते शब्द आजींनाही पाठ होते. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

"तुम्ही अरबी येणाऱ्या कुणाला विचारलं नाहीत?" मी म्हटलं. "मोरोक्कोचे शेजारी होते ना?"

"शाप कुणी विचारून घेतो?" आजी म्हणाल्या.

हे मी काकूंना सांगितलं नाही. त्या दिवसांत त्यांना सांगण्यासारखं ते नव्हतं.

नोव्हेंबरातली थेरपीची दुपार. बाहेर पानगळ होऊन झाडं काळी पडली होती, चार वाजताच अंधारून आलं होतं. थेरपिस्ट थकलेली दिसत होती. आजींना खुर्चीत बसवून ती त्यांच्या खांद्याचा व्यायाम घेत होती. समोरासमोर बसून हातात हात धरायचा आणि गोल फिरवायचा. तिनं दोन-तीन वेळा फिरवला. चौथ्यांदा फिरवला तो आजींनी. तिचा हात मनगटाशी घट्ट धरून त्या तो गोल, सपाट फिरवू लागल्या, जमिनीपासून वीतभर उंचीवर असल्यासारखा. तिला हात सोडवता येईना. हसत हसत ती माझ्याकडे बघू लागली, आणि मग तिचं हसू थांबलं.

खाली बेसमेंटमध्ये घरघर सुरू झाली.

घर गरम करणारा फर्नेस होता तो. थंडीत आपोआप चालू होतो, मी त्या घरात शंभरदा ऐकला असेल. पण किचनच्या दारात काकू थबकून जमिनीकडे बघत होत्या.

"आलीस," आजी तिला म्हणाल्या. "आई वाट बघून गेली. आम्ही उठलो गो तिथून. खरंच उठलो."

"काय म्हणतायत त्या?" थेरपिस्टनं मला विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी 'आई' हा ऐकून ऐकून ओळखीचा झालेला एकच शब्द पकडला असणार, कारण त्या हिब्रूत काहीतरी पुटपुटल्या आणि मग इंग्रजीत म्हणाल्या, "सांग. आता लपवून काय करायचं?"

मी सांगितलं. लोदचं घर, मसुरीची बरणी, जातं, फाटकातली बाई. त्या बाईचं काकूही पहिल्यांदाच ऐकत होत्या. मी सांगत असताना आजी तिचा हात फिरवतच होत्या, आता हळू. लोद हे नाव ऐकल्यावर थेरपिस्ट म्हणाली, "लिद्द. आम्ही लिद्द म्हणतो. माझी आजी तिथलीच."

मी चटकन आजींकडे पाहिलं.

"पण ती नव्हे," ती लगेच म्हणाली. "माझी आजी कधीच परत गेली नाही. अम्मानमध्येच वारली. मला बघायचंच नाही म्हणायची. ही दुसरी कुणीतरी."

आजींना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी फिरवणं थांबवलं, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि ते शब्द म्हटले. पाच-सहाच शब्द असतील, घासून घासून गुळगुळीत झालेले. मला ते लिहिता येणार नाहीत. त्यांच्या आवाजात ते नव्हतेच मुळी. ऐंशी वर्षांच्या कोकणी म्हातारीच्या तोंडातून एक भरड्या गळ्याची, थोराड बाई बोलली आणि गप्प झाली.

थेरपिस्ट त्यांच्याकडे आणखी वाकली.

"परत म्हणायला सांग," ती मला म्हणाली. आजींनी परत म्हटले. तिनं डोळे मिटून ऐकलं. "अर्धे शब्द मोडलेत. पण गावाकडची बोली आहे, माझ्या आजीची असायची तशी." मग ती म्हणाली, "रिकामं फिरवू नका. दगड झिजतो. असं म्हणाली ती."

"एवढंच?" काकूंनी विचारलं.

"एवढंच."

मी खाली वाकून आजींच्या कानाशी ते मराठीत सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग लहान मुलीच्या आवाजात विचारलं, "मग रागावली नव्हती ती?"

मी ते इंग्रजीत विचारलं. थेरपिस्टनं आपला हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला, पण उठली नाही.

"सांग त्यांना, रागावली असणारच," ती म्हणाली. "कुणीही रागावेल. पण शाप दिला नाही तिनं."

मी तसंच सांगितलं. आजींनी मान डोलवली, आणि खुर्चीतच त्यांना झोप लागली.

मग हॉलमध्ये जे व्हायचं ते झालं. काकू हुंदके देत म्हणाल्या, "आम्ही चोर नव्हतो. दोन ट्रंका घेऊन आलेली माणसं होती ती. जिथं टाकलं तिथं राहिली. मी जन्मले तिथं." थेरपिस्ट कोट घालत म्हणाली, "मी तुम्हांला चोर म्हटलं नाही." काकू म्हणाल्या, "तुझ्या मनात आहे." ती म्हणाली, "माझ्या मनात काय आहे ते तुम्हांला ऐकायचंय का? माझी मावशी परवापासून फोन उचलत नाहीये. ते आहे." आणि ती गेली. ड्राइव्हवेवर गाडी चालू करून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली होती. मी खिडकीतून बघत होते, पण बाहेर गेले नाही.

पुढे बरेच आठवडे ती आली नाही. तिची मावशी आणि मावशीच्या घरातली बाकीची माणसं मारली गेली होती, हे आम्हांला तिला पाठवणाऱ्या एजन्सीकडून कळलं. तिच्या जागी एक तरुण मुलगा आला. त्याच्यापुढे आजी उठून उभ्याच राहीनात. काकूंनी शेवटी एजन्सीला फोन केला आणि ती परत कामावर आली असेल तर तिलाच पाठवा म्हणून सांगितलं. जानेवारीत बर्फातून चालत येऊन तिनं बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. आत आल्या तेव्हा त्या आजींच्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या.

त्या थंडीत आजी तुकडा ठेवायला विसरल्या. मागून येणाऱ्यांची चौकशी करायच्या थांबल्या. मला बरं वाटायला हवं होतं. पण घरातून कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटायचं, आणि एखाद्या दुपारी आपण हॉलमध्ये नक्की कितीजणी बसलोय याची खात्री करून घ्यावीशी वाटायची. थेरपिस्टनं त्या मोडक्या शब्दांचा अर्थ खरा सांगितला की म्हातारीची दया येऊन बदलून सांगितला, हे मी तिला एकदा विचारलं. आम्ही ड्राइव्हवेवरचा बर्फ तुडवत गाडीकडे चाललो होतो.

"मी जे ऐकलं ते सांगितलं," ती म्हणाली. मग गाडीचं दार उघडताना म्हणाली, "तिला दुसरं काही म्हणायचं असतं, तर मी दुसरं ऐकलं असतं."

आजी मार्चमध्ये एका सकाळी चहा घेता घेता गेल्या. इस्राएलला न्यायचा काकूंचा विचार होता, पण युद्धामुळे विमानांचं काही खरं नव्हतं. दफन न्यू जर्सीतच झालं. नंतरचे सात दिवस, ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे, घरात लोक भेटायला येत-जात होते. शेवटच्या दिवशी थेरपिस्ट आली, तिच्या आईनं केलेल्या खजुराच्या बिस्किटांचा डबा घेऊन. काकूंनी तिला किचनमध्ये बसवलं.

मी कप धूत होते. काकूंनी तिला विचारलं, "तुझ्या आजीचं घर लिद्दमध्ये नक्की कुठे होतं?"

"मोठ्या मशिदीच्या मागे, असं ती म्हणायची. तेलाच्या घाण्याच्या गल्लीत."

"मशिदीच्या मागे म्हणजे बाजाराच्या बाजूला की स्टेशनच्या?"

"मला नाही माहीत. मी कधी गेलेच नाही."

काकूंनी फोनवर नकाशा उघडला आणि टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवला. काकू गल्ल्यांची हिब्रू नावं घेत होत्या, ती आपल्या आजीकडून ऐकलेली अरबी नावं, आणि एकही नाव दुसऱ्याशी जुळत नव्हतं. काकूंनी बोट ठेवून आपलं घर कुठे होतं ते दाखवलं. तिथं आता करडा, मोकळा चौकोन दिसत होता. थेरपिस्टनं तो मोठा करून पाहिला, फोन उलटा फिरवला, परत सरळ केला.

"थांब," काकू म्हणाल्या. "मशीद ही. आता इथून चालायला लागू."

मी नळ बंद केला आणि हात पुसत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.